अन्नछत्र आणि मिरपूड

अन्नछत्रात जेवायचे आणि वर मिरपूड मागायची, अशी एक म्हण मराठीत आहे. फुकटचे खाणाऱ्याने चवीची मागणी करू नये, एवढाच तिचा रोकडा अर्थ. परंतु म्हणी या समाजाच्या नीतिविचाराच्या संक्षिप्त नोंदी असतात असे मानले, तर या चार शब्दांत दानाविषयीचा एक संपूर्ण सिद्धान्त दडलेला दिसेल. देणारा उभा आहे, घेणारा बसलेला आहे. काय वाढायचे, किती वाढायचे आणि केव्हा हात आखडता घ्यायचा, हे देणाऱ्याने ठरवायचे. घेणाऱ्याने पानावर पडेल ते गोड मानायचे. म्हणीचा सारा रोख घेणाऱ्यावर आहे. वाढणाऱ्याने आमटीत मीठ तरी घातले होते की नाही, याची चौकशी ती करीत नाही.

लहान व मध्यम धंद्यांना सरकारने द्यावयाच्या साहाय्याची चर्चा आपल्याकडे बहुधा याच म्हणीच्या चौकटीत चालते. हा विषय अर्थशास्त्राचा आहे, साहित्याच्या अभ्यासकाने त्यात पडू नये, असे कोणी म्हणेल. पण या क्षेत्रात वावरणारे शब्द पाहिले तर ते केवळ आकड्यांच्या जगातले नाहीत. आश्रय, अनुदान, सवलत, हमी, माफी, लाभार्थी हे सारे माणसामाणसांतील नात्याचे शब्द आहेत. त्यांपैकी 'लाभार्थी' हा तर विशेष बोलका. जो लाभाचा अर्थी, म्हणजे याचक, तो लाभार्थी. शासकीय मराठीने हा शब्द रूढ केला आणि आपण तो बिनतक्रार स्वीकारला. कर भरणारा, माल पुरवणारा, चार माणसांच्या हाताला काम देणारा गृहस्थ सरकारी कचेरीची पायरी चढतो आणि लाभार्थी होतो. मग तो 'अर्ज' करतो, आणि अर्ज म्हणजेही मूळात विनंतीच. तेव्हा प्रश्न असा, की शासन या गृहस्थाला जे देते ते कोणत्या प्रकारचे देणे आहे? ते दान आहे, ऋणफेड आहे, की सरळ सौदा आहे? या प्रश्नाच्या उत्तरावर देण्याची रीत, देण्याची मर्यादा आणि घेणाऱ्याची मान ताठ राहणे न राहणे अवलंबून आहे.

याचा विचार करताना मला तंजावरच्या भोसल्यांच्या छत्रांकडे वळावेसे वाटते. छत्र म्हणजे उद्योगसाहाय्य नव्हे, हे उघड आहे. परंतु सत्तेने गरजवंताला आधार कसा द्यावा, याचा एक नमुना तेथे लेखी स्वरूपात उपलब्ध आहे, आणि तो आपल्या म्हणीला छेद देणारा आहे. तंजावरहून दक्षिणेला पट्टुक्कोट्टैकडे जाणाऱ्या रस्त्यावर ओरत्तनाडु हे गाव लागते. दुसऱ्या सरफोजी राजांनी आपल्या दिवंगत उपपत्नीच्या, मुक्तांबेच्या, नावाने एकोणिसाव्या शतकाच्या अगदी आरंभी येथे छत्र उभारले. गावालाही त्यावरून मुक्तांबाळपुरम् असे नाव पडले. रामेश्वराच्या वाटेवर तंजावरच्या राजघराण्याने अशी अनेक छत्रे बांधली होती आणि त्यांतील कित्येकांना राजस्त्रियांची नावे आहेत. ओरत्तनाडूच्या छत्रात पांथस्थांच्या सोयीबरोबर शाळाही होती. मराठी वाचकाला सरफोजी ठाऊक असतात ते सरस्वती महाल ग्रंथालयामुळे, बृहदीश्वराच्या मंदिरातील १८०३ च्या प्रदीर्घ मराठी शिलालेखामुळे, फार तर तंजावरच्या छापखान्यातून निघालेल्या इसापनीतीच्या मराठी भाषांतरामुळे. छत्रे मात्र आमच्या वाङ्मयेतिहासाच्या तळटीपेतही क्वचितच आढळतात.

ओरत्तनाडूचे छत्र उभे राहण्याच्या सुमारास, १८०१ मध्ये, सरफोजींनी कंपनी सरकारचे रेसिडेंट बेंजामिन टॉरिन यांना एक पत्र लिहिले. त्यात छत्रांचा कारभार कसा चालतो याचे तपशीलवार वर्णन आहे. ब्राह्मणापासून परयापर्यंत, जोगी, जंगम, बैरागी, जो कोणी वाटसरू येईल त्याला शिजवलेला भात मिळतो. ज्याला शिजवलेले खायचे नसेल त्याला कोरडा तांदूळ आणि त्यासोबत मसाल्याचे जिन्नस मिळतात. हे वाटप मध्यरात्रीपर्यंत चालते. मग घंटा वाजवून पुकारा केला जातो, की ज्याचे जेवण राहिले असेल त्याने यावे, त्याच्यासाठी अन्न तयार आहे. जो आजारी पडेल त्याला औषध आणि पथ्याचे अन्न मिळते आणि तो बरा होईपर्यंत त्याची आदराने शुश्रूषा होते. गरोदर स्त्री छत्रात बाळंत झाली तर तिचा खर्च छत्र करते आणि पुढे तीन महिने तिला राहू देते.

हे पत्र मी जेव्हा जेव्हा वाचतो तेव्हा दोन तपशिलांपाशी थांबतो. पहिला मसाल्याचा. येथे मिरपूड मागावी लागत नाही. देणाऱ्याने ती आधीच मोजून ठेवली आहे. कोणी कोणाच्या हातचे खाईल आणि कोण खाणार नाही, हा त्या काळच्या सोवळ्याओवळ्याचा भाग त्यामागे आहे, हे मी विसरत नाही. तरीही वाटसरूला स्वतःची चूल आहे, स्वतःची रीत आहे, आणि मदत घेताना ती रीत गहाण टाकण्याचे कारण नाही, हे त्या व्यवस्थेने मान्य केले होते. दुसरा तपशील मध्यरात्रीच्या घंटेचा. दिवसभर वाढून झाल्यावर दार लावून घेण्यापूर्वी राहिलेल्याचा शोध घेणे, हे देणाऱ्याने आपले कर्तव्य मानले आहे. आजच्या योजनांत हा क्रम उलटा आहे. योजना जागच्या जागी बसून असते. ज्याला गरज आहे त्याने तिचा पत्ता काढावा, नोंदणी करावी, कागद जुळवावेत. ज्याला कागद जुळवता येतात तो पंगतीत आधी बसतो. १ एप्रिल २०२५ पासूनच्या व्याख्येनुसार पाचशे कोटी रुपयांपर्यंत उलाढाल असलेला कारखानाही 'मध्यम' म्हणून याच कायद्याच्या छायेखाली येतो आणि दोन शिलाई यंत्रांवर चालणारा धंदाही 'सूक्ष्म' म्हणून तेथेच उभा असतो. दोघांना एकच कायदा लागू असणे गैर नाही. पण घंटा कोणासाठी वाजवायची, हे ठरवल्याशिवाय अशा पंगतीत न्याय होत नाही.

येथवर आलो म्हणजे छत्राचे गुणगान करून थांबण्याचा मोह होतो, आणि आपल्या गतवैभवाच्या लेखनात तो नेहमीच अनावर ठरला आहे. पण पत्र कोणी कोणाला लिहिले, इकडे लक्ष द्यायला हवे. १७९९ च्या तहाने तंजावरच्या राज्याचा कारभार कंपनीकडे गेला होता. राजा किल्ल्यापुरता राजा उरला होता आणि कंपनीने ठरवून दिलेल्या नेमणुकीवर व महसुलाच्या हिश्शावर त्याचे चालत होते. छत्रांची उत्पन्ने आपल्याकडेच राहू द्यावीत, ही विनवणी करण्यासाठी ते पत्र आहे. म्हणजे हजारोंना जेवू घालणारा दाता स्वतःच दाराशी उभा असलेला अर्जदार होता. पुढे १८५५ मध्ये सरफोजींचे पुत्र शिवाजीराजे पुत्रसंतान नसताना वारले आणि कंपनीने राज्य तर खालसा केलेच, पण राजाची खासगी मालमत्ताही ताब्यात घेतली. राणी कामाक्षीबाईंनी मद्रासच्या सर्वोच्च न्यायालयात दावा जिंकला; १८५९ मध्ये प्रिव्ही कौन्सिलने तो निकाल फिरवला. ही सार्वभौम सत्तेची कृती आहे, ती न्याय्य की अन्याय्य यावर मत देणे न्यायालयाचे काम नाही, असा त्या निर्णयाचा आशय होता. या खटल्याची नोंद कायद्याच्या इतिहासात आहे. नीतीच्या दृष्टीने मला त्यात वेगळेच दिसते. ज्या सत्तेच्या कृपेला न्यायालय विचारू शकत नाही, तिच्या कोपालाही ते विचारू शकत नाही. राजवाड्याच्या मागणीवर जगणारे चितारी, धातूवर नक्षी करणारे, वीणा घडवणारे यांचा आश्रय असा एका मृत्यूबरोबर संपला, आणि त्यांच्या हाती दावा करायला राणीइतकेही काही नव्हते.

आणखी एक गोष्ट. ब्राह्मणापासून परयापर्यंत सर्वांना अन्न मिळे हे खरे मानले, तरी छत्रांतील विद्येची दारे सर्वांना सारखी उघडी नव्हती. छत्रे पुढे जिल्हा बोर्डाकडे गेली. १९२० च्या दशकात जस्टिस पक्षाचे ए. टी. पन्नीरसेल्वम् तंजावर जिल्हा बोर्डाचे अध्यक्ष झाले, तेव्हा ओरत्तनाडु आणि राजामडम् येथील विद्यार्थ्यांची वसतिगृहे ब्राह्मण मुलांपुरतीच होती. ती त्यांनी इतर मुलांना खुली केली. तमिळ समाजाच्या स्मृतीत ओरत्तनाडूचे छत्र मुक्तांबेपेक्षा या निर्णयासाठी अधिक जागते आहे, आणि ते योग्यच आहे. दात्याच्या औदार्याने जे झाले नाही ते निवडून आलेल्या मंडळाच्या एका ठरावाने झाले. घेणाऱ्यांना देणाऱ्याच्या खुर्चीवर बसता आले म्हणून ते झाले.

आश्रयाकडून धोरणाकडे जाण्याचा हा प्रवास मराठी विचारात न्यायमूर्ती रानडे यांच्यापाशी सुरू होतो. १८९२ मध्ये पुण्याच्या डेक्कन कॉलेजातील व्याख्यानात त्यांनी सांगितले, की इंग्रजी अर्थशास्त्राचे सिद्धान्त हे सर्व देशांना व सर्व काळांना लागू पडणारे निसर्गनियम नव्हेत. हिंदुस्थानसारख्या देशात उद्योग वाढवण्यात सरकारने पुढाकार घेतला पाहिजे. त्याआधी जावा बेटातील डच पद्धतीचा दाखला त्यांनी दिला होता. त्या पद्धतीत सरकार कारखानदाराला आगाऊ भांडवल देई आणि तयार माल ठरलेल्या दराने घेई. रानड्यांना त्यात शासकीय साहाय्याचा नमुना दिसला. परंतु त्याच पद्धतीखाली जावातील शेतकऱ्याला आपल्या जमिनीत सरकारला हवे ते पीक सक्तीने काढावे लागत होते. साखरेच्या कारखानदाराला मिळालेल्या आगाऊ रकमेची किंमत ऊस लावणाऱ्याने मोजली. शासकीय साहाय्याविषयीचा सर्वांत गंभीर आक्षेप हाच आहे. एकाला दिलेला आधार कोणाच्या तरी पाठीवरून आलेला असतो.

हा आक्षेप तुकोबांच्या चरित्रातील एका प्रसंगाने अधिक स्पष्ट होतो. तुकोबा वाणी होते, दुकानदार होते. १६३० च्या दुष्काळात त्यांचा धंदा बुडाला. आजच्या भाषेत एक लहान व्यावसायिक दिवाळखोर झाला. पुढे त्यांनी लोकांकडून येणे असलेल्या रकमांची खते इंद्रायणीत बुडवली, असे परंपरा सांगते. कीर्तनकार येथे टाळ्या घेतात. पण परंपरेने जपलेला दुसरा भाग मला अधिक मोलाचा वाटतो: खते बुडवण्यापूर्वी तुकोबांनी त्यांची वाटणी केली, निम्मी आपल्या धाकट्या भावाला, कान्होबाला, दिली आणि केवळ स्वतःच्या वाट्याची बुडवली. दुसऱ्याचे येणे माफ करण्याचा अधिकार संतालाही नसतो. शासनाजवळ स्वतःच्या वाट्याची खते नसतातच. ते जे बुडवते ते सर्वांच्या तिजोरीतले असते, आणि त्या तिजोरीत साबणाच्या वडीवर कर भरणाऱ्या मजुराचाही भाग असतो. म्हणून कर्ज माफ करणे आणि कर्जाला हमी देणे यांत मी फरक करतो. तारण नसलेल्या माणसामागे उभे राहणे हे एक. तो परत न फेडील तरी चालेल असे सांगणे हे दुसरे. पहिल्यात शासन त्या माणसावर विश्वास टाकते. दुसऱ्यात त्याच्याविषयीची अपेक्षाच सोडून देते, आणि याला दया म्हणतात.

स्वातंत्र्यानंतर या विचाराला व्यवस्थेचे रूप आले. प्राध्यापक द. गो. कर्वे यांच्या अध्यक्षतेखालील समितीने १९५५ मध्ये ग्राम व लघुउद्योगांविषयीचा अहवाल दिला. रोजगार सांभाळून, विकेंद्रित रीतीने उद्योग वाढावेत, ही तिची दृष्टी होती. १९६७ मध्ये ४७ वस्तू केवळ लघुउद्योगांनीच बनवाव्यात असे ठरले, आणि ती यादी पुढे आठशेच्यावर गेली. मग हळूहळू ती आक्रसत गेली. एप्रिल २०१५ मध्ये शेवटच्या वीस वस्तू यादीतून निघाल्या. त्यांत लोणचे, पाव, उदबत्ती, काचेच्या बांगड्या, मेणबत्त्या आणि कुलपे होती. घरोघरच्या जिनसांची ही नावे वाचताना कोणालाही हळहळ वाटेल. परंतु संरक्षणाच्या या रीतीत एक खोट होती, हे नाकारता येत नाही. लहान असणे हीच पात्रतेची अट झाल्यावर मोठे होणे हा दंड ठरतो. कारखाना वाढवायचा तर मालक दुसऱ्या नावाने दुसरी लहान शेड उभारी. २०१८-१९ च्या आर्थिक पाहणीने दहा वर्षांहून जुन्या आणि तरीही शंभरांहून कमी कामगार असलेल्या उद्योगांना बुटके म्हटले. संघटित कारखानदारीत ते संख्येने निम्मे, पण रोजगारात त्यांचा वाटा केवळ १४ टक्के, असा हिशेब मांडला.

हिशेब खरा असेल. शब्द मला खटकतो. बुटकेपणा हा देहाचा धर्म आहे, तो त्या देहातच जन्मतो. उद्योग न वाढण्याची कारणे मात्र बहुतेक त्याच्या बाहेर असतात. ओरत्तनाडूच्याच परिसराचे उदाहरण घ्या. १६ नोव्हेंबर २०१८ रोजी गज चक्रीवादळाने ओरत्तनाडु, पट्टुक्कोट्टै, पेरावुरणी या पट्ट्यातील नारळाच्या बागा आडव्या केल्या. माडावर केवळ बागायतदार जगत नाही. सोडणाचा काथ्या काढणारा, दोर वळणारा, खोबऱ्याचा घाणा चालवणारा, माल वाहणारा अशा लहान धंद्यांची एक साखळी त्यावर उभी असते. नवा माड धरायला पाच ते सात वर्षे लागतात. बँकेचा हप्ता दरमहा येतो. या दोन काळांमध्ये जी दरी आहे ती कौशल्याने, कष्टाने किंवा काटकसरीने भरून निघत नाही. मोठ्या उद्योगाकडे थांबण्याची ताकद असते. लहानाकडे सर्व काही असले तरी ही एक गोष्ट नसते. तो उद्याचा धंदा आजच्या विक्रीतून चालवीत असतो. अशा वेळी शासन जे देते ते वस्तुतः वेळ असतो, आणि आजारी पांथस्थाला बरा होईपर्यंत ठेवून घेणाऱ्या छत्राने हेच दिले होते. वाटसरू बरा झाला की पुन्हा वाटेला लागायचा. तो छत्रातच राहावा, अशी कोणाचीच इच्छा नसे.

वेळेचीच दुसरी बाजू थकलेल्या बिलांची. लहान पुरवठादाराचा माल आज घ्यायचा आणि पैसे चारसहा महिन्यांनी द्यायचे, ही आपल्या व्यापाराची जुनी रीत आहे. सरकारी खाती आणि सार्वजनिक उपक्रमही तिला अपवाद नाहीत. २००६ च्या कायद्याने पैसे चुकते करण्याची मुदत जास्तीत जास्त ४५ दिवस ठरवली आणि त्यानंतर बँकदराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लावले. १ एप्रिल २०२४ पासून प्राप्तिकराच्या नियमांतही तरतूद झाली, की अशी रक्कम मुदतीत चुकती न करणाऱ्याला ती त्या वर्षीच्या खर्चात धरता येणार नाही. कायदा निःसंदिग्ध आहे. परंतु तक्रार करायची कोणाविरुद्ध? ज्याच्याकडून पुढची मागणी यायची आहे त्याच्याविरुद्ध. येथे म्हणीचा अर्थ पूर्णपणे उलटतो. पानावर बसलेला मोठा आहे, त्याने पुरवठादाराच्या घरचे धान्य खाल्ले आहे, आणि मिरपूड मागितल्याचा आरोप मात्र पुरवठादारावर येतो. ज्या राज्यात स्वतःच्या बिलांचे पैसे वेळेवर मिळतील, तेथे अनुदानाच्या निम्म्या योजनांची गरज उरणार नाही, असे माझे मत आहे. शासनाने दाता होण्याआधी चांगला ऋणको व्हावे.

अलीकडे या प्रश्नाला आणखी एक फाटा फुटला आहे. केंद्र सरकारने १७ सप्टेंबर २०२३ रोजी पारंपरिक कारागिरांसाठी विश्वकर्मा योजना सुरू केली: अठरा व्यवसाय, प्रशिक्षण, हत्यारांसाठी पंधरा हजार रुपयांपर्यंत साहाय्य, पाच टक्के व्याजाने आधी एक आणि मग दोन लाखांचे कर्ज. तमिळनाडू सरकारने ती आहे त्या स्वरूपात राबवण्यास २०२४ मध्ये नकार दिला. त्याचा आक्षेप असा, की अर्जदाराचे कुटुंब परंपरेने त्याच धंद्यात असावे, ही कल्पना जातीने नेमलेले काम मुलाच्या गळ्यात पुन्हा बांधते. वयाची अट अठराऐवजी पस्तीस असावी, म्हणजे शिकण्याच्या वयातला मुलगा कर्जाच्या ओढीने बापाच्या भात्याशी येऊन बसणार नाही. २०२५ मध्ये त्या राज्याने आपली स्वतंत्र योजना आणली. या वादातील पक्षीय भाग सोडून दिला तरी मूळ शंका विचारात घ्यावीच लागते. लोहाराचे, कुंभाराचे, मूर्तिकाराचे कसब टिकावे असे आपल्याला वाटते; पण कसब टिकवण्याचा भार त्याच्या मुलावरच का पडावा? उलट बाजूही आहे. पंचवीस वर्षांच्या ज्या तरुणाने स्वतः होऊन बापाची हत्यारे हाती घेतली आहेत, त्याला आणखी दहा वर्षे थांब असे सांगणे, हाही एक अन्यायच. मला दोन्हींतली कोणतीही अट पुरी पटत नाही. धंदा मुलाने निवडला की तो त्याच्यावर पडला, हे वयाच्या दाखल्यावरून कळत नाही आणि कुळाच्या दाखल्यावरून तर मुळीच नाही.

सरफोजींच्या त्या पत्रात अनाथ मुलांविषयी एक मजकूर आहे. वाटेत मरण पावलेल्या परक्या लोकांची जी मुले छत्रात येत, ती तेथील शिक्षकाच्या हवाली केली जात. त्यांना दिवसातून तीनदा जेवण, चार दिवसांतून एकदा तेलाचे अभ्यंग, कपडे, औषध मिळे. ज्या विद्येकडे मुलाचा ओढा दिसेल ती त्याला शिकवीत, आणि ती पुरती आल्यावर त्याच्या लग्नाचा खर्चही छत्रच करी. त्यांच्या बापाचा धंदा कोणता होता, हे सांगायला बहुधा कोणी उरलेलेच नसे.